चिठ्ठीवरचा बदामी

“हाऊ बदामी नई शे, शेठ,” कुंदाबाई म्हणाली. “हाऊ ते पिस्ता शे.”

ती काही भांडायला आली नव्हती. साक्रीहून सकाळच्या एसटीनं जळगावला आलेली, पुतण्याच्या लग्नाचा बस्ता बांधायला, बरोबर दोन सुना आणि पायाशी तीन पिशव्या. ही मेथी नाही, शेपू आहे असं भाजीवाल्याला सांगावं तितक्या सहज तिनं ते सांगितलं. पण निर्मलकुमारचा हात हवेतच राहिला. त्या हाताची बाजारात ख्याती होती. आधी पँटपीस काउंटरवर उलगडायचा, मग शर्टपीसचा एक पदर त्याच्या वरच्या अर्ध्या भागावर सोडायचा, दोन पावलं मागं सरायचं, मान जराशी कलती करायची आणि म्हणायचं, “आता बघा.” एवढ्यावर अडतीस वर्षं नवरदेव, व्याही, मामे आणि मावसे मुकाट्यानं कापड घेऊन गेले होते. आज मागं सरलेली दोन पावलं त्याला पुढं टाकता येईनात. मग नेहमीचं वाक्य तोंडातून आपोआप बाहेर पडलं. “बरोबर ओळखलंत, अक्का! परीक्षा घेत होतो तुमची.” सुना हसल्या, कुंदाबाई हसली, काउंटरवरचा जितेंद्रही हसला. कुंदाबाईनं दुसरंच कापड घेतलं, चहा घेतला आणि ती गेली. निर्मलकुमारनं तो तागा उलटा केला. काठाला टाचलेल्या चिठ्ठीवर कुंकवाचं बोट होतं आणि खाली कुसुमलताच्या तिरप्या अक्षरात लिहिलेलं होतं, बदामी. मागच्या बाजूला त्याची जोडी लिहिलेली, खाली कॉफी.

तर गोष्ट अशी होती की ज्याच्या नजरेवर सारं जळगाव कपडे शिवत होतं त्या निर्मलकुमारला रंग दिसत नव्हते. सगळेच नाही असं नाही. निळा दिसे, पिवळा दिसे, पांढरा आणि काळा तर दिसतच. फिकं आणि गडद यातला फरक तर त्याला चारचौघांपेक्षा जास्त कळे. पण बदामी आणि पिस्ता, कॉफी आणि मेहंदी, मरून आणि शेवाळी ही सगळी मंडळी त्याच्यापुढं एकाच गणवेशात उभी राहत. शाळेत त्यानं तपकिरी पोपट काढला होता. मास्तरांनी तो वर्गभर फिरवून दाखवला आणि तेव्हापासून त्यानं चित्रकलेच्या तासाला पोटदुखी काढली. पुढं वडिलांच्या दुकानात बसायची वेळ आली तेव्हा पोटदुखीचा उपयोग नव्हता. मग तो कापड बोटांनी ओळखायला शिकला. सुटिंग आणि शर्टिंग, टेरिकॉट आणि सुती, विणीतला खरखरीतपणा, तागा कुठल्या फळीवर कितवा आहे. रंगांचे नियम त्यानं पाढ्यांसारखे पाठ केले. आकाशीखाली नेव्ही किंवा राखाडी. क्रीमखाली काहीही, फक्त दुसरा क्रीम नको. तपकिरी पँटीवर आकाशी उठून दिसतो, काळ्या पँटीवर तपकिरी शर्ट मरतो. सावळ्या माणसाला मोहरी रंग देऊ नये, बुटक्या माणसाला वर-खाली फार फिकं-गडद करू नये, मधून कापल्यासारखा दिसतो. नियम सगळे खरे होते. फक्त ज्या नावांवर ते बांधलेले होते ती नावं त्याला कुणीतरी सांगावी लागत. स्वतः मात्र तो जन्मभर पांढरा शर्ट आणि नेव्ही पँट घालत आला. शेठ किती साधे, असं बाजार म्हणे.

नावं सांगायला कुसुमलता आली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यानं तिच्यासाठी स्वतः निवडून साडी आणली आणि मोठ्या ऐटीत म्हणाला, मरून आहे, तुला शोभेल. ती साडी हिरवी होती. ती हसली, आणि मग त्याचं तोंड पाहून हसायची थांबली. चार दिवस ती काही बोलली नाही. पाचव्या दिवशी भीलवाड्याहून माल आला तेव्हा ती सासऱ्यांना म्हणाली, माल दुकानात लावण्याआधी एक दिवस घरी येऊ द्या, प्रत्येक ताग्याला कुंकू लावते, घरच्या लक्ष्मीचा हात लागलेला बरा. सासऱ्यांना सून फार धार्मिक वाटली. तेव्हापासून त्या घराची तशी रीतच पडली. माल आधी घरी येई, कुसुमलता दुपारी खिडकीपाशी बसे, कुंकवाचं बोट लावी आणि चिठ्ठीवर रंगाचं नाव आणि त्याची जोडी लिही. आसपासच्या दोन दुकानदारांनी आपल्याही बायकांकडून ताग्यांना कुंकू लावून घ्यायला सुरुवात केली होती. त्यांची विक्री काही वाढली नाही. नवराबायकोंत या विषयावर अडतीस वर्षांत एकदाही उघड बोलणं झालं नव्हतं. निर्मलकुमारला त्यात मोठं सुख वाटे. आज पहिल्यांदा त्याला वाटलं, जे बोललंच गेलं नाही ते तिनं कुणाकुणाला सांगितलं असेल याचा आपल्याकडे काय पुरावा आहे?

“जितेंद्र,” त्यानं हाक मारली, “हा कोणता रंग?” जितेंद्र बावीस वर्षं दुकानात होता. शेठ अधूनमधून असं विचारतात, नोकरांची नजर तयार ठेवतात, हे त्याला माहीत होतं. त्यानं तागा हातात घेतला, चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, “बदामी, शेठ.” निर्मलकुमारला त्याचा संताप आला आणि तो गिळावा लागला. गेली बावीस वर्षं या माणसानं कापड बघितलंच नव्हतं, चिठ्ठ्याच वाचल्या होत्या. पण मग कुंदाबाईच खोटी का नसावी? तिला काय पडलंय खोटं बोलायला? नाही, चिठ्ठीच चुकली. आणि कुसुमची चिठ्ठी चुकत नाही. म्हणजे ती चुकवली गेली. इथवर आल्यावर त्याच्या मनाला एकदम वेग आला. मुलाला, अमनला, हे दुकान रेडीमेड करायचं होतं, धुळ्यात दुसरं काढायचं होतं. पप्पा, आता आराम करा, हे त्याचं वाक्य दिवाळीपासून आठवड्यातून दोनदा ऐकू येई. सून विधी ताग्यांचे फोटो काढून मोबाइलवर गिऱ्हाइकांना पाठवी, आणि एकदा तिनं जेवताना विचारलं होतं, “पप्पाजी, तुम्ही स्वतः कधी रंगीत का घालत नाही?” त्या वेळी कुसुम ताटात वाढता वाढता क्षणभर थांबली होती. हल्ली सासू-सून स्वयंपाकघरात हळू बोलत आणि तो आत गेला की पाणी हवं का असं विचारत. आणि गेल्या महिन्यातली ती दुपार! दोघी जैन स्थानकात प्रवचनाला जातो म्हणून निघाल्या आणि तासा-दीड तासानं त्याच्या डोळ्यांदेखत रिक्षातून दुकानावरून गेल्या. कुसुमलतानं, साठीतल्या त्याच्या बायकोनं, डोळ्यांवर सुनेचा काळा गॉगल लावला होता आणि ती हसत होती. त्यानं घरी काही विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

पण खरी धास्ती याहून वेगळ्याच गोष्टीची होती. हाच बदामी आणि याच लॉटमधला कॉफी महिन्यापूर्वी धुळ्याला गेला होता. पितांबरनाना हे दुकानाचे जुने गिऱ्हाईक, त्यांच्या मुलीचं लग्न येत्या रविवारी होतं, आणि त्यांनी भाऊबंदांच्या मानपानासाठी एकेचाळीस शर्टपीस आणि एकेचाळीस पँटपीस नेले होते, सगळ्यांना एकसारखे. कपडे शिवून झाले होते. मांडवात एकेचाळीस माणसं त्याची चूक अंगात घालून बसणार होती आणि खानदेशातले निम्मे कापडवाले त्या लग्नाला येणार होते. आणि त्याला तर आमंत्रण होतं. त्याला स्वतःला तिथं उभं राहून काही दिसणारही नव्हतं. लोक हसताहेत की नाही एवढंच बघायचं.

त्यानं दोन्ही ताग्यांचे बोटभर तुकडे कापले आणि खिशात घालून तो हिंडू लागला. घरच्या माणसांचा भरवसा नाही, नोकरांचा नाही, मग परक्याला विचारू. रिक्षावाल्यानं बदामी चिंधी उन्हात धरून पाहिली आणि म्हणाला, “मळकट आहे, काका.” केळीवाली म्हणाली, कच्च्या केळाच्या आतल्या अंगासारखा. डाळमिलमधल्या ओळखीच्या मुनीमजींनी चष्मा वर करून सांगितलं, मुगाच्या डाळीत पाणी जास्त झालं की असा होतो. सराफाच्या दुकानातल्या मुलीनं हसून म्हटलं, “सी ग्रीन का अंकल? की मिंट?” कुणी बदामी म्हटलं नाही, पण पिस्ताही कुणी म्हटलं नाही. कॉफीच्या तुकड्याला तर कुणी शेणाचा म्हणालं, कुणी मातीचा, कुणी मिलिटरीचा. निर्मलकुमार रस्त्याच्या कडेला उभा राहिला. जन्मभर आपण समजत होतो की बाकीच्या सगळ्यांना एकच जग दिसतं आणि आपल्यालाच तेवढं दिसत नाही. आणि हे लोक तर डोळे असून वाटेल ते बोलत होते! एकट्या कुसुमच्या शब्दाला त्याच्याजवळ भाव होता, कारण ती जे म्हणेल तेच तो रंग, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. आता तिचाच शब्द खोटा ठरत होता.

शेवटी त्यानं तिला विचारलं. खरं म्हणजे विचारलं नाही, तिच्या हातात चिंधी दिली. ती संध्याकाळच्या दिव्याखाली दाणे निवडत होती. हल्ली ती दिवसाउजेडीही दिवा लावी, तेही त्याच्या डोक्यात नोंदलेलं होतं. तिनं चिंधी घेतली, दोन बोटांत चोळली, मग डोळ्यांशी नेली.

“बदामी,” ती म्हणाली.

“नक्की?”

“नक्की म्हणजे? आजपर्यंत कधी विचारलं होतंत का नक्की?”

तिचा आवाज चढला होता. कुसुमचा आवाज चढत नसे. चोराचा चढतो, असं त्याच्या मनात आलं आणि आपण बायकोबद्दल असं म्हणालो याची त्याला भीतीच वाटली. तो बाहेर झोपाळ्यावर जाऊन बसला. ही आपल्याला धुळ्यात चारचौघांत उघडं पाडणार. मुलाच्या बाजूनं गेली. एका परीनं तिचंही बरोबर असेल, दुसऱ्याचे डोळे होऊन राहायचा कंटाळा येत असेल माणसाला. असं समजूतदारपणे म्हणून पाहिलं तरी ते पटेना. पोपटाचं चित्र वर्गात फिरत होतं आणि या वेळी ते कुसुमच्या हातात होतं. पुढचे चार दिवस तो तिच्याशी पाहुण्यासारखा वागला. तिनं वाढलं ते खाल्लं, छान झालंय म्हणाला, आणि प्रत्येक वेळी तिच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते बघत राहिला. तिथं काहीच उमटत नव्हतं. ती त्याच्याकडे नव्हे, त्याच्या जरा शेजारी कुठंतरी बघे.

रविवारी सकाळी धुळ्याला निघायचं म्हणून तिनं नेहमीप्रमाणं त्याचे कपडे पलंगावर काढून ठेवले. अमन खाली गाडी पुसत होता, विधी आहेराच्या पिशव्या नेत होती. निर्मलकुमार आंघोळ करून आला, शर्टाला हात घातला आणि थबकला. तो शर्ट पांढरा नव्हता. क्रीम होता, चांगला सायीसारखा पिवळसर, व्याह्यांनी दिलेला, त्यानं कधी न घातलेला. पिवळा त्याला दिसे. “कुसुम, हा कुठला काढलास?” तो म्हणाला. ती आरशापाशी केस विंचरत होती. वळूनही न बघता म्हणाली, “पांढरा. रोजचाच तर आहे.” तो पलंगावर बसला. आता मोजे. एक मोजा काळा होता. दुसरा नेव्ही निळा होता. निळा हा त्याच्या भरवशाचा रंग, आयुष्यात एकाच रंगानं त्याला कधी फसवलं नव्हतं. त्यानं दोन्ही मोजे उचलले आणि तिच्यापुढं धरले. “हे?”

“मोजे आहेत. त्यात काय बघायचं?”

“रंग सांग.”

“काळे.” तो मोजे तसेच तिच्यापुढं धरून राहिला तेव्हा ती घाबरली. तिनं एक मोजा हातात घेतला, मग दुसरा, खिडकीपाशी गेली, डोळ्यांच्या अगदी जवळ धरले, पुन्हा दूर नेले. निर्मलकुमार तिच्याकडे बघत होता आणि त्याला काहीतरी फार जुनं, फार ओळखीचं दिसत होतं. चित्रकलेच्या तासाला हातात खडू घेऊन असाच तो बसे, कुठला ते कळत नसताना, सगळ्यांसारखं तोंड करून.

“कधीपासून?” त्यानं विचारलं.

“वर्ष झालं असेल.” ती खिडकीकडेच तोंड करून बोलत होती. “दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. सगळं चहात बुडवल्यासारखं दिसतं. विधीनं नेलं होतं डॉक्टरांकडे, थेंब घातल्यावर उजेड सहन होईना म्हणून तिचा तो गॉगल... मला हसूच आलं होतं.”

“मग ऑपरेशन?”

“एकामागून एक दोन डोळे. दोन महिने डोळ्यांना ताण नको म्हणाले. ऐन लग्नसराईत? चिठ्ठ्या कुणी लिहिल्या असत्या? दुसऱ्या कुणाला सांगायचं म्हणजे तुमचं सांगावं लागलं असतं.” तिनं मोजे पलंगावर ठेवले. “काही रंग अंदाजानं लिहिले. तुमच्यासारखं बोट फिरवून बघत होते. विधीला वाटतं मी नुसती हट्टी आहे.”

निर्मलकुमारला स्वतःची इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना. चार दिवस, चार दिवस आपण हिच्या चेहऱ्यावर चोरी शोधत होतो. तिनं त्याचं गुपित राखायला आपले डोळे गहाण टाकले होते आणि तो खिशात चिंध्या घेऊन परक्यांना साक्षीला बोलावत होता. तो एवढंच म्हणाला, “चल, उशीर होतोय,” आणि त्यानं तो क्रीम शर्ट घातला, तो एक काळा आणि एक निळा मोजा घातला. “अहो, बदला ना ते,” ती म्हणाली. “असू दे,” तो म्हणाला. गाडीत दोघं मागच्या सीटवर बसली. पुढं अमन आणि विधी धुळ्यातल्या जागेबद्दल बोलत होते. ते बोलणं त्याला आज नुसतं बोलणं वाटत होतं.

मंगल कार्यालयाच्या दारातच पितांबरनानांनी त्याला मिठी मारली. निर्मलकुमारनं अंग आकसून घेतलं, आता येईल, आता ते वाक्य येईल. “शेठ,” नाना म्हणाले, “बठ्ठा मांडव आमनाकडेच देखी ऱ्हायना! काय जोडी काढी तुम्ही!” पलीकडे एकेचाळीस माणसं रांगेनं बसली होती. त्याला ती बदामी-कॉफीतच दिसत होती, पण ते चिठ्ठीवर होतं म्हणून; खरं तर नेहमीसारखा कुठलाच रंग कळत नव्हता. शिरपूरचे एक कापडवाले जवळ आले, त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, “नजर असावी तर तुमच्यासारखी, भाऊ. आम्ही जन्मभर असल्या शर्टाखाली कॉफीच देत बसलो.” त्याला काही कळेना. तो विधीला बाजूला घेऊन गेला, कुसुमलता शेजारी खुर्चीवर बसली होती.

“विधी बेटा, त्यांच्या शर्टाचा रंग कोणता?”

विधी हसली. “पप्पाजी, लग्नातसुद्धा परीक्षा?”

“सांग तर.”

“पिस्ता.”

“आणि पँटीचा?”

“मेहंदी. खरं सांगू, पिस्त्याखाली मेहंदी मला सुचलंच नसतं. हिरव्याखाली हिरवं! पण काय दिसतंय.”

म्हणजे दोन्ही चिठ्ठ्या चुकल्या होत्या. दोन चुका शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि त्यांचं जमलं होतं. त्याचं नाव आज होतं तेवढं मोठं कधीच नव्हतं. गप्प बसलं की झालं, कुणालाही कधी काही कळणार नव्हतं, आणि सोमवारी भीलवाड्याचा माल घरी येणार होता, आणि कुसुम पुन्हा खिडकीपाशी बसणार होती.

“परीक्षा नाही, बेटा,” निर्मलकुमार म्हणाला. “मला दिसत नाहीत रंग. कधीच दिसले नाहीत. मम्मी लिहून द्यायची ते मी वाचायचो.”

विधी त्याच्या हसण्याची वाट बघत राहिली. तो हसला नाही. तिनं सासूकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि तिची नजर त्याच्या पायांवर गेली.

“पप्पाजी, मोजे वेगवेगळे आहेत.”

“ते मला दिसतं,” तो म्हणाला. “ते मम्मीला दिसत नाही.”

वाजंत्री वाजत होती. कुसुमलतानं पर्स उघडली, आत बराच वेळ चाचपडली आणि रबर लावलेला कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून विधीच्या हातावर ठेवला.

“उद्या माल येतोय,” ती म्हणाली. “आणि मंगळवारची माझी डॉक्टरांची वेळ घे.”